गुच्छ फेकायचा नाही, असं ठरलं तेव्हा

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, आम्हाला काही नको. हुंडा नको, मानपान नको, जावयाला अंगठीसुद्धा नको. इतकी चांगली माणसं भेटली की वधूपित्याची झोप उडते. आता काय मागतील, आता काय मागतील, या धास्तीत मी दिवस काढत होतो. आणि एका रविवारी सकाळी होणाऱ्या जावयाच्या बहिणीचा फोन आला.

"काका, आमची एक छोटीशीच इच्छा आहे."

मी फोनजवळच्या स्टुलावर बसून घेतलं. आलं एकदाचं, अशी बायकोला हातानेच खूण केली. तिने पोह्यांखालचा गॅस बंद केला.

"रिसेप्शनला नवरीने गुच्छ फेकायचा."

"कोणावर?" मी विचारलं.

पलीकडे हसण्याचा धबधबा. ही मुलगी दोन वर्षं अमेरिकेत राहून आली होती आणि तिथल्या लग्नांमध्ये तिला हा प्रकार फार आवडला होता. तिने नीट समजावून सांगितलं. नवरीने सगळ्यांकडे पाठ करायची, हातातला फुलांचा गुच्छ डोक्यावरून मागे फेकायचा. मागे बिनलग्नाच्या मुली उभ्या असतात. जी झेलेल तिचं लग्न पुढच्या वर्षात ठरतं.

एवढंच ना! मी मोठ्या उदारपणे होकार देऊन टाकला. फोन ठेवून बायकोला म्हणालो, "काही नाही गं, फुलं फेकायची आहेत. लाव गॅस."

तिने गॅस लावला. झारा हातात घेतला आणि तशीच थांबली.

"बिनलग्नाच्या मुलींनी झेलायचा?"

"हो."

"मग वन्सं?"

वन्सं म्हणजे माझी धाकटी बहीण. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मनमाडला शाळेत शिकवते, म्हणजे तेव्हा शिकवायची. तिच्या स्वतःच्या दोन खोल्या, स्वतःची स्कूटर आणि स्वतःची मतं होती. लग्न केलेलं नव्हतं. स्थळं आली नाहीत असं नाही. काहींना ती पसंत पडली नाही, बरीचशी तिला पसंत पडली नाहीत, आणि एका टप्प्यावर दोन्हीकडून विषय संपला. संपला नव्हता तो फक्त नातेवाइकांचा.

नव्वदच्या दशकात आमच्या घरात लग्नांचा नुसता सपाटा होता. चुलत, मावस, आते, मामे, सगळी एकदमच लग्नाला आलेली. आणि प्रत्येक लग्नात माझी बहीण करवली. त्याचं काही नाही. पण हळदीच्या दिवशी नवरीला लावून झालेली हळद वाटीत उरायची, आणि ती उष्टी हळद लग्नाच्या मुलीच्या गालाला लावली की तिचं लवकर जमतं, अशी आमच्याकडे सगळ्यांची खात्री. या खात्याच्या प्रमुख आमच्या मोठ्या काकू. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. भर मांडवात त्या हाक मारायच्या, "कुठे गेली ती? आणा रे तिला पकडून!" मग दोघीतिघी तिला धरून आणायच्या आणि काकू दोन्ही गालांवर पंजे उमटवायच्या. "आता तुझाच नंबर बरं का!" मंडप हसायचा. मीही हसायचो. विनोदी प्रसंग होता, आणि गाल माझे नव्हते.

पहिल्या काही लग्नांत ती लाजली, मग हसली, मग नुसती उभी राहिली. पुढेपुढे काकूंची हाक यायच्या आत स्वतःच येऊन गाल पुढे करायची, इंजेक्शन घ्यायला दंड पुढे करावा तसे. त्यानंतर तिने लग्नांना येणंच सोडलं. पेपर तपासायचे आहेत म्हणायची. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कुठले पेपर, हे तिला विचारायची हिंमत आमच्यात कोणातच नव्हती.

पण हे लग्न माझ्या मुलीचं होतं. नोकरी लागेपर्यंत बहीण आमच्याकडेच राहायची. माझ्या मुलीची वेणी घालणं, पाढे पाठ करून घेणं, खोटं बोलल्यावर ओळखणं, ही सगळी खाती तिच्याकडे होती. मुलीने साखरपुड्यालाच जाहीर केलं होतं, "आत्या नसेल तर मी पाटावर बसणार नाही."

त्याच संध्याकाळी मी मनमाडला फोन लावला. गुच्छाची गोष्ट अगदी सहज, बोलता बोलता सांगितली.

"दादा, मला यायचंय," ती म्हणाली. "तिच्या लग्नाला नाही यायचं तर कोणाच्या? पण मला परत त्या पोरींच्या घोळक्यात ढकलू नका. अडतीस वर्षांची बाई आहे मी. मला चार माणसांसारखं बसून लग्न बघायचंय, एवढंच."

मी म्हणालो, "माझा शब्द आहे. या लग्नात तुला कोणी वेगळं काढणार नाही."

शब्द देऊन बसलो खरा, पण तिकडे मुलाकडच्यांनाही होकार देऊन बसलो होतो. त्यांची एकुलती एक मागणी, तीही बिनखर्चाची, ती मोडायची कशी? गुच्छ तर हवा, पण फेकायचा नाही. मग त्याचं करायचं काय, हे ठरवायला आमच्या घरी बैठक बसली. मुलीचे दागिने इतक्या चर्चेने ठरले नव्हते.

बायको म्हणाली, "देवीला वाहून टाकू."

"लग्नात करमणूक पाहिजे, मॅडम," माझा मेहुणा म्हणाला. हा बायकोचा धाकटा भाऊ, मुलीचा मामा. विमा विकायचा. सख्ख्या बहिणीलाही मॅडम म्हणायचा. घरातल्या कुठल्याही कार्यात माईक त्याच्या हातात असे आणि तो परत घेण्यासाठी दोन माणसं लागत.

माझा चुलतभाऊ नाशिकजवळ मखमलाबादच्या अंगाला शेती करतो. त्याने काही वर्षांपूर्वी पॉलीहाऊस उभं करून गुलाब आणि जर्बेरा लावला होता, त्यामुळे गुच्छ त्याच्याकडून येणार होता. तो म्हणाला, "मला एक सांगा, फुलं फेकायची यात शुभ काय हाय? आम्ही भाव पडला का फेकतो. मागच्या श्रावणाआधी ट्रॉलीच्या ट्रॉली बांधावर फेकली, झेलायला कुणीच नाय आलं."

मी सुचवलं की गुच्छ सोडून एकेक फूल प्रत्येक पाहुण्याला द्यावं. त्यावर बायकोने पाहुण्यांचा आकडा सांगितला आणि चुलतभावाचे डोळे चमकले, म्हणून ती सूचना मीच मागे घेतली. मुलगी म्हणाली, "मी गुच्छ घरी घेऊन जाते ना! नवरीनेच फुलं ठेवून घेतली तर काय बिघडलं?" पण लग्न तिचं असल्यामुळे तिचं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही.

तेव्हा मेहुण्याने खुर्ची पुढे ओढली. "ऐका. गुच्छ द्यायचा, फेकायचा नाही. कोणाला? तर हजर असलेल्यांत ज्या जोडप्याचा संसार सगळ्यात जुना, त्यांना! सगळ्या जोडप्यांना उभं करायचं. मग मी म्हणणार, एक वर्ष झालेले बसा, पाच वर्षं झालेले बसा, दहा झालेले बसा. शेवटी जे उभे राहतील त्यांना वधूवरांच्या हस्ते गुच्छ आणि नमस्कार. ज्येष्ठांचा मान, संस्कृतीची संस्कृती!"

वा, वा झालं. विमा विकून विकून माणसं किती वर्षं टिकतात याचा त्याला दांडगा अनुभव होता. जावयाच्या बहिणीला फोनवर सांगितलं, तिलाही पटलं. कुमारिका नाहीत, घोळका नाही, नंबर नाही. मी उत्साहाने मनमाडला कळवलं. "हे बरंय," बहीण म्हणाली. ती हुशार बाई. तिच्याही लक्षात आलं नाही, मग आमची काय कथा?

ती आली. हळदीला मुलीने उरलेली हळद कोणी काही बोलायच्या आत माझ्याच तोंडाला फासली आणि वाटी मोरीत नेऊन धुऊन टाकली. एरवी काकूंनी केवढा गहजब केला असता. पण दोन वर्षांपूर्वी काका गेले होते, आणि तेव्हापासून काकू लग्नाकार्यात मागच्या रांगेत बसू लागल्या होत्या. त्यांना तिथे कोणी बसवलं नव्हतं. पण कोणी उठवून पुढेही आणलं नव्हतं.

लग्न दुपारी लागलं, नीट लागलं. संध्याकाळी गंगापूर रोडच्या लॉनवर स्वागत समारंभ. खुर्च्यांना पांढरे झगे, कारंजं, एका बाजूला पाणीपुरी, एका बाजूला आईस्क्रीम. माझ्या डोक्यावर भाड्याचा फेटा होता आणि तो आधीच्या कुणा मोठ्या डोक्याच्या वधूपित्याला बांधलेला असावा, कारण मान हलवली की तो एक क्षण उशिरा हलायचा. तो सांभाळत मी स्टेजवर उभा होतो.

मेहुण्याने माईक ताब्यात घेतला. शेरवानीला शोभत नाही म्हणून त्याने चष्मा काढून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

"उपस्थित सर्व विवाहित जोडप्यांना माझी नम्र विनंती, आपण आपापल्या जागी उभं राहावं!"

आधी गोंधळ झाला, कारण आमच्याकडच्या समारंभात नवरा एका टोकाला आणि बायको दुसऱ्या टोकाला बसते. "अहो, इकडे या ना!" "प्लेट ठेव आधी!" पान खायला बाहेर गेलेल्यांना आत ओढून आणण्यात आलं. हळूहळू सगळं लॉन उभं राहिलं. लग्नाची मुलंमुली तर पाणीपुरीच्या गाडीभोवती आधीच उभी होती. लहान मुलंही इकडेतिकडे धावत होती.

आणि मग मला दिसलं. उभ्या माणसांच्या त्या रानात, मागच्या रांगेच्या बरोबर मधोमध, दोन बायका बसलेल्या होत्या. एक माझी बहीण. शेजारी मोठ्या काकू.

व्हिडिओवाल्याला सगळी गर्दी एकसारखी दिसत असावी. काहीतरी वेगळं दिसल्याबरोबर त्याने तो हंड्यासारखा लाईट तिकडे फिरवला. दोघी पांढऱ्याफटक उजेडात. मेहुण्याला चष्म्याशिवाय फक्त उजेड दिसला आणि उजेडात कोणीतरी बसलेलं.

"अरे, तिकडे कोण बसलंय? उठा, उठा, लाजू नका! जोडीदार कुठे गेले? आईस्क्रीम खायला?"

लॉन हसलं. सगळं नाही, मुलाकडची बाजू हसली. आमची बाजू एकदम गप्प झाली, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. बायकोने माझं मनगट धरलं. मी पुढे झालो, पण पुढे होऊन करणार काय होतो? फेटा मात्र डोळ्यावर आला.

तेवढ्यात बहिणीचा आवाज आला. माईक नाही, काही नाही. साठ पोरांच्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज.

"आम्ही दोघी परीक्षक आहोत! चालू द्या तुम्ही!"

आता अख्खं लॉन हसलं. मेहुण्याने आवाज ओळखला. त्याचा चेहरा पडलेला मी पाहिला, पण माईकवाला माणूस, लगेच सावरला. "परीक्षक सज्ज आहेत! तर मंडळी, ज्यांच्या लग्नाला एक वर्ष पूर्ण नाही, ते बसतील!"

म्हणजे आधी नवरानवरीच बसायला हवे. जावई सोफ्यावर बसला. माझी मुलगी मात्र शालू सावरत स्टेजच्या पायऱ्या उतरली आणि सरळ आत्याच्या पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली. कुठे बसायचं ते मामाने सांगितलं नव्हतं.

पुढे खेळ रंगला. बहीण परीक्षकाच्या कामाला खरोखरच लागली. दहा वर्षांवाले बसल्यावर माझा एक मावसभाऊ बायकोसह उभाच. ही म्हणाली, "तुम्ही बसा हो. तुमच्या हळदीला मी होते, कुठे झाली दहा?" तो ओशाळून बसला. काकूंनाही सूर सापडला. "ती पण जोडी बसवा. मधली तीन वर्षं बायको माहेरी होती, ती धरायची नाहीत!"

"काकू, जुन्या गोष्टी कशाला?" त्या जोडीतला नवरा कुरकुरला.

"जुनं ते सगळं आजच मोजायचंय ना!"

शेवटी एक म्हातारं जोडपं उरलं, जावयाचे दूरचे आजी-आजोबा. मालेगावच्या पलीकडून आले होते. टाळ्यांच्या गजरात त्यांना स्टेजवर आणलं. गुच्छ दिला, नमस्कार झाले. मेहुण्याने आजोबांसमोर माईक धरून विचारलं, "इतकी वर्षं संसार सुखाचा झाला, याचं रहस्य काय?"

आजोबा कानामागे हात धरून नुसतेच हसत उभे. आजींनी माईक स्वतःकडे वळवून अहिराणीत सांगितलं, "त्यास्ले नको इचारू भाऊ, त्या बहिरा शेतस."

कार्यक्रम म्हणजे यासम हाच झाला. लोक मला येऊन सांगत होते, काय कल्पना, काय संस्कृती. जावयाची बहीण म्हणाली, गुच्छ फेकण्यापेक्षा हेच छान. तासाभरात मीसुद्धा मान्य करून टाकलं की एकूण छानच झालं, आणि फेट्याच्या आत घामाघूम झालेल्या डोक्याने दोनचार जणांना कल्पना आमच्या घरातलीच आहे असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बहिणीला सोडायला नाशिकरोड स्टेशनवर गेलो. गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो.

"काल कमाल केलीस," मी म्हणालो. "सगळे तुझंच नाव काढत होते."

"करावी लागली." ती रुळांकडे बघत होती. "दादा, त्यापेक्षा गुच्छ फेकायचा होतात. फेकला असता तर मी वाकले असते, बाजूला झाले असते, आईस्क्रीम आणायला गेले असते. तुम्ही सगळ्या जगाला उभं केलंत. आता त्यातून माणूस वाकणार कुठे?"

"अगं, तुझ्यासाठीच तर..."

"तेच म्हणतेय मी. काकूंनी माझा हात धरला होता, माहितीये? बर्फासारखा हात. मी बोलले नसते तर त्या तिथेच रडल्या असत्या. त्यांनी आयुष्यभर माझे गाल रंगवले आणि काल त्यांनाही मीच सावरायचं. लोकांना वाटलं, काय विनोदी बाई आहे!" ती हसली, पण माझ्याकडे न बघता. "माझ्यासाठी काही शोधत जाऊ नका रे. बोलवा, वाढा आणि सोडून द्या."

गाडी आली. तिने बॅग माझ्या हातून घेतली, चढली, खिडकीतून म्हणाली, "आणि पुढच्या वेळी स्वतःच्या मापाचा फेटा घे."

दोन वर्षांनी मेहुण्याच्या मुलाचं लग्न निघालं. मेहुणा आधीच तयारीत. या वेळी परीक्षकांना थेट स्टेजवर बसवायचं, दोन मोठ्या खुर्च्या, मागे पडदा. "दाजी, तुम्ही फक्त बाईंना फोन करा. त्या तर आता आपल्या स्टार आहेत!" व्याह्यांच्या मालेगावकडच्या नातलगांच्या एका लग्नाचंही तिला आमंत्रण येऊन गेलं होतं, पत्रिकेसोबत खास निरोप, की परीक्षक बाईंनी यायचंच. तिने तिथे आहेराशिवाय काही पाठवलं नव्हतं.

मी मेहुण्याला सांगितलं, कार्यक्रम नको. का, म्हणून त्याने तीनदा विचारलं. मी तीनदा म्हणालो, नको. वधूपिता नसलो की मला बऱ्यापैकी ठाम राहता येतं. तो रुसला, पण रुसून माईकवर गाणी म्हणत बसला. नवरीचा गुच्छ नवरीनेच गाडीत ठेवला.

बहीण आली. तिसऱ्या रांगेत बसली. काकूंशी काहीतरी बोलत होती, काकू खो-खो हसत होत्या. मग दोघी जेवायला गेल्या. बहिणीने जिलबी दोनदा घेतली, मठ्ठा आवडला नाही, बाजूला सरकवला. एका पोराचं नाक पुसलं. कोणी तिला हाक मारली नाही, कोणी पुढे केलं नाही, कोणी विचारलं नाही. सगळं कसं सुरळीत चाललंय याची खातरजमा करत मी खांबाला टेकून उभा होतो.

बायको माझ्यासाठी पान घेऊन आली.

"किती वेळ टक लावून बघताय वन्संकडे?"

"बघतोय, कोणी तिच्याकडे बघतंय का."

तिने एकदा सगळ्या मांडवाकडे नजर फिरवली.

"कोणी नाही," ती म्हणाली. "तुम्हीच तेवढे बघताय. चला आता, जेवून घ्या."